सीझिनकोटचा सूर्यनारायण

इंग्लंडातल्या ग्लॉस्टरशायरमध्ये, मॉर्टन-इन-मार्शजवळ, सीझिनकोट नावाची इस्टेट आहे. झाडीतल्या उतारावर एक झरा, वरच्या टोकाला कुंड आणि कुंडाकाठच्या देवळीत सूर्यनारायण. गुरव नाही, घंटा नाही, नैवेद्य तर नाहीच. बागेची शोभा एवढंच या देवाचं काम. ढगाळ मुलखात नेमका सूर्यच बसवला, हे मात्र झकास.

कंपनी सरकारच्या चाकरीत पैसा कमावून परतलेल्या चार्ल्स कॉकरेलने 1805च्या सुमारास हा थाट उभारला. घराचा आराखडा भाऊ सॅम्युअलचा, बागेतलं हिंदुस्थानी काम चित्रकार थॉमस डॅनियलचं.

मूर्ती दगडाची वाटते, पण ती आहे भट्टीत भाजलेली माती. लंडनच्या लॅम्बेथमधल्या एलेनॉर कोड बाईंच्या कारखान्याचा हा माल, म्हणून नाव ‘कोड स्टोन’. मातीत आधी भाजलेल्या मातीचा चुरा, गारगोटीची पूड, वाळू आणि काचेची भुकटी मिसळायची, लगदा प्लास्टरच्या साच्यात थापायचा आणि आतून पोकळ ठेवायचा. मग सुमारे 1100 अंशांवर चार दिवस भट्टी. चुरा घातल्याने माती कमी आकसते, तरी साधारण 8 टक्के आकसतेच. तीन फुटी मूर्ती हवी तर साचा सव्वातीन फुटी लागतो. पाऊस आणि हिमाला ही माती दाद देत नाही. घात होतो तो आतल्या लोखंडाने. तुकडे जोडायला घातलेल्या पट्ट्यांना गंज चढला की त्या फुगतात आणि मूर्ती आतून तडकते.

कुंडाचं पाणी खाली एका पुलाखालून जातं. पुलाचे खांब घारापुरीच्या लेण्यांवरून घेतलेले. डॅनियल 1793मध्ये मुंबईला आला होता, तेव्हा त्याने ती लेणी पाहिली होती. घारापुरीत डोंगर पोखरताना खांब मागे राखले, इथे ते मुद्दाम घडवून उभे केले. पाण्यातल्या दगडांवर पाय देत पुलाखाली गेलं की ते अगदी हाताशी येतात.

वर कठड्यांवर नंदी. समोर पिंड नाही, शेजार सूर्याचा. आपल्याकडे कुणी तरी नक्की हटकलं असतं. ते हलवावेत का, असा प्रश्न तिथेही निघाला होता. डॅनियलने 1811च्या पत्रात कळवलं, की खुद्द विश्वकर्मा डोकावला तरी म्हणेल, बैल आहेत तिथेच राहू द्या.

नंदी आजही पुलावरच आहेत.