पोर्ट्समथ बेट कयाकने: अंतर थोडं, पाणी उथळ, हिशेब वाऱ्याचा

नकाशावर ही सफर किरकोळ दिसते. नॉर्थ कॅरोलिनातल्या ओक्राकोक गावाच्या सिल्व्हर लेक बंदरातून निघायचं, ओक्राकोक इनलेट, म्हणजे समुद्राला आतल्या पाण्याशी जोडणारं तोंड, ओलांडायचं आणि पोर्ट्समथच्या हॉलओव्हर धक्क्याला लागायचं. जेमतेम 8 किलोमीटर. 3 नॉटचा, म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटरचा वेग धरला तर दीड तास. पण गटाचा वेग म्हणजे सगळ्यात हळू वल्हवणाऱ्याचा वेग, आणि वाटेत वाळूचे दांडे आडवे येतात. अडीच-तीन तास धरूनच निघावं.

हे दांडे शिव्या देण्यासारखे असले, तरी पोर्ट्समथ गाव वसलं ते त्यांच्यामुळेच. समुद्रातून येणारी मोठी जहाजं इनलेटच्या आत पाम्लिको साउंडमध्ये, म्हणजे बेटांच्या आतल्या उथळ खाडीत शिरली की रुतायची. म्हणून माल इथे उतरवून कमी खोलीच्या पडावांवर चढवायचा आणि मग मुख्य भूमीकडे न्यायचा. याच कामासाठी 1753 मध्ये वसाहतीच्या विधिमंडळाने गाव ठरवून वसवलं. 1846 च्या वादळाने ईशान्येला हॅटरस इनलेट उघडलं, जहाजांना ती वाट जास्त सोयीची पडली आणि इथला धंदा ओसरला. 1860 मध्ये गावात सुमारे 685 माणसं होती. शेवटच्या दोघी बायका 1971 मध्ये बाहेर पडल्या. आता घरं, चर्च, टपालघर आणि 1894 चं जीवरक्षक ठाणं केप लुकआउट नॅशनल सीशोअर या संरक्षित किनाऱ्याच्या ताब्यात आहे. राहतं कुणी नाही.

निघण्याची वेळ ठरवताना भरती-ओहोटीचं कोष्टक फक्त इनलेटपुरतं कामाचं. आत साउंडमध्ये चंद्राची भरती काही सेंटिमीटरवर येते. तिथे पाणी चढवतो-उतरवतो तो वारा. ईशान्येचा वारा दोन दिवस टिकला की पाणी साउंडच्या नैर्ऋत्य टोकाला, म्हणजे पोर्ट्समथच्या बाजूला, साचतं. नैर्ऋत्येचा वारा तेच पाणी उलट ढकलतो, आणि काल वल्हवत पार केलेल्या दांड्यावरून आज कयाक ओढत न्यावी लागते. डोरियन वादळात, सप्टेंबर 2019 मध्ये, ओक्राकोक आणि पोर्ट्समथ बुडाले ते साउंडच्या पाण्याने. वारा फिरला आणि आत ढकललेलं पाणी उलटून आलं.

उन्हाळ्यात नैर्ऋत्येचा वारा दुपारी जोर धरतो आणि जाताना तो नेमका तोंडावर येतो. म्हणून उजाडताच निघावं. इनलेट ओलांडायला सगळ्यात बरी वेळ भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी थांबतं त्याच्या आसपासची, आणि त्यानंतर भरती लागणार असेल तर उत्तम. चूक झाली तर गट आत साउंडमध्ये ढकलला जातो, समुद्रात नाही. ओहोटीचा प्रवाह आणि त्याच्या समोरून आग्नेयेचा वारा असा योग असेल, तर इनलेटच्या तोंडाशी लाटा आखूड आणि उभ्या होऊन फुटतात. त्या दिवशी जाऊ नये. यात धाडस दाखवण्यासारखं काही नाही.

प्रवाह कापताना समोरच्या धक्क्याकडे टोक धरलं की वाट वाकडी होते. साधा हिशेब: वेग 3 नॉट आणि आडवा प्रवाह दीड नॉट असेल, तर टोक प्रवाहाच्या वरच्या अंगाला 30 अंश वळवावं लागतं, आणि पुढे सरकण्याचा वेग 2.6 नॉट उरतो. प्रवाह अडीच नॉट झाला तर कोन 56 अंशांवर जातो आणि वेग 1.7 वर येतो. दमलेला गट तिथे हरतो. पाठीमागे ओक्राकोकचा 1823 चा पांढरा दीपस्तंभ आहे, दर पाच मिनिटांनी मागे बघून होकायंत्राने त्याची दिशा घ्या. तो ईशान्येकडून उत्तरेकडे सरकू लागला, तर तुम्ही समुद्राकडे ओढले जाताय.

आठ जणांच्या गटाला पुढे एक, मागे एक आणि मध्ये तिसरा अनुभवी माणूस हवा. पुढच्या आणि मागच्याकडे व्हीएचएफ रेडिओ (बोटींवरचा बिनतारी संच), प्रत्येकाच्या जॅकेटला शिट्टी. आवाज पोहोचेल त्याहून जास्त पांगायचं नाही. बंदराच्या अरुंद तोंडातून मोठ्या फेरीबोटी ये-जा करतात; तिथे सगळ्यांनी एकत्र, जलमार्गाच्या खुणांच्या बाहेरून, कडेकडेने निघावं.

पाणी अर्ध्या मीटरहून कमी झालं की कयाक जड वाटू लागते. मागचं टोक बसतं, पुढे लाट उभी राहते, आणि जोर लावून वेग वाढत नाही. अशा वेळी गडद पाण्याकडे वळावं. उतरायची वेळ आली तर पाय उचलून टाकू नयेत, घासत न्यावेत, म्हणजे वाळूत दडलेला पाकट आधीच पळतो. बूट जाड तळव्याचेच हवेत, कारण इथे कालवांचे थर आहेत. वाटेतलं शेल कॅसल तर कालवांच्या शिंपल्यांचंच बेट. तिथे 1798 चा दीपस्तंभ होता, 1818 मध्ये वीज पडून जळाला.

बेटावर पिण्याचं पाणी मिळत नाही. माणशी दिवसाला 4 लिटर, आणि वारा फिरून अडकलात तर म्हणून आणखी एका दिवसाचं. मुक्काम गावात करता येत नाही, समुद्राकडच्या पुळणीवर करता येतो. तिथे साधे तंबूचे खुंटे उपटतात, वाळूचे लांब, रुंद खुंटे लागतात. गावात डास इतके, की उन्हाळ्यात लांब बाह्या आणि डोक्यावरची जाळी ही चैन नाही, गरज आहे. कयाक ओढून वर ठेवली तरी बांधायचीच. वाऱ्याने चढलेलं पाणी कोष्टक बघून येत नाही.

परतताना तोच नैर्ऋत्येचा वारा पाठीवर येतो. सोपं वाटतं, पण मागून येणारी लाट कयाकचं मागचं टोक फिरवते आणि कयाक लाटेला आडवी होते. यावर उपाय स्केग, म्हणजे मागच्या टोकाखाली पाण्यात सोडायचं पातं, पण वाळूतून ओढलेल्या कयाकच्या स्केगच्या खोबणीत शिंपल्याचा चुरा अडकलेला असतो आणि ते पातं खाली येतच नाही. पात्याला भोक पाडून आधीच दोरीचा तुकडा ओवून ठेवा. निघताना पाण्यात तरंगल्यावर शेजारच्याने ती दोरी ओढून पातं मोकळं केलं, की मगच इनलेटकडे वळायचं.