गंजाच्या बुडाची काजळी

२३ जुलै २०१६ रोजी शनिवार होता. शनिवारी आमची शाळा सकाळची असते. ती सुटल्यावर मी तालुक्याच्या गावी एका नेट कॅफेत बसून शिक्षण खात्याच्या ‘सरल’ या ऑनलाइन प्रणालीत विद्यार्थ्यांची माहिती भरत होतो. चित्रकलेच्या शिक्षकाकडे हे काम का, असे विचारणे मी नोकरीच्या तिसऱ्या वर्षीच सोडून दिले होते. ज्याच्या विषयाला कोणी फार किंमत देत नाही, त्याच्याकडे शाळेतली बेवारस कामे आपोआप चालत येतात. संकेतस्थळ नेहमीप्रमाणे अडकले आणि मी मोबाइल उघडला, तेव्हा चित्रकार सैयद हैदर रझा यांचे वयाच्या ९४व्या वर्षी दिल्लीत निधन झाल्याची बातमी समोर आली. पुढे वाचत गेलो, तेव्हा त्यांच्याविषयीच्या एका लेखात एक वाक्य असे होते की मुंबईला जाण्यापूर्वी ते गोंदियाच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होते.

ते वाक्य मी पुन्हा वाचले. मी नागपूरला चित्रकलेचे शिक्षण घेतले, त्यानंतर गोंदिया जिल्ह्यातल्या एका खेड्यात पंधरा वर्षे शिकवत होतो, आणि हे मला ठाऊक नव्हते. आम्हा विद्यार्थ्यांच्या लेखी रझा म्हणजे ‘बिंदूवाले’. वसतिगृहात कोणाला चित्र जमले नाही की तो मध्ये एक काळा गोल काढून ‘घ्या, रझा झाला’ म्हणायचा आणि सगळे हसायचे. हसणाऱ्यांत मीही असे.

रविवारी त्यांचे दफन मंडल्याला होणार असल्याचे कळले. वडिलांच्या कबरीशेजारीच आपल्याला पुरावे, अशी त्यांची इच्छा होती. गोंदियाहून मंडला फार दूर नाही. त्यांच्या तरुणपणी नैनपूरमार्गे नॅरोगेजच्या गाडीने तिथे जाता येत असे. तोवर ती गाडी बंद पडली होती. निघावे असे मनात आले खरे, पण घरच्या शेतात रोवणीला बाया सांगितलेल्या होत्या आणि रोवणीच्या दिवशी घरचा माणूस बांधावर नसणे आमच्याकडे चालत नाही. मी गेलो नाही. संध्याकाळी चिखलाचे पाय धुऊन मोबाइलवर आणि जुन्या पुस्तकांत जे सापडले ते वाचत बसलो.

वाचताना पहिल्यांदा नीट ध्यानात आला तो नकाशा. रझा यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजी मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावी झाला. वडील वनखात्यात उपवनक्षेत्रपाल होते. आज मंडला मध्य प्रदेशात आणि गोंदिया महाराष्ट्रात आहे. तेव्हा दोन्ही मध्य प्रांत व वऱ्हाडात होते, नागपूर राजधानी होती आणि गोंदिया भंडारा जिल्ह्यात मोडत असे. दमोहला शाळा संपवून हा मुलगा १९३९ साली नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला आणि नंतर गोंदियाला मास्तर झाला, यात परक्या मुलखात आल्यासारखे काहीच नव्हते. जंगल तेच, गोंड तेच, धानही तेच. विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, पुढे अमूर्त चित्रकार म्हणून नाव झालेले वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले, आणि रझांबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा चित्रकारांचा गट स्थापन करणारे ह. अं. गाडे अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे. तळेगाव म्हटले की आमच्या लोकांना शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आठवतो, गाडे आठवत नाहीत.

मात्र ‘रझा आमचे’ म्हणत छाती फुगवण्यात मला अर्थ वाटत नाही. गोंदियात ते थोडाच काळ होते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टसाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळताच ते निघाले आणि निघाले ते बरेच झाले. मुंबईला पोहोचायला उशीर झाल्याने प्रवेश हुकला, शिष्यवृत्तीही हातची गेली. तरी ते परत फिरले नाहीत. एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत नोकरी धरली, राहिलेल्या वेळात चित्रे काढली आणि मग जे. जे.मध्ये शिकले. ते परत आले असते तर निवृत्तीपर्यंत गोंदियाच्या मुलांकडून आंब्याचे पान आणि फुलदाणी काढून घेत राहिले असते. हे मी कडवटपणाने लिहीत नाही, ते काम मीच करतो.

सोमवारी शाळेत गेलो तो मनात एक बेत घेऊनच. रझा यांच्या लहानपणाची एक गोष्ट त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. ककैया गावच्या शाळेत त्यांचे लक्ष अभ्यासात लागत नसे. तेव्हा नंदलाल झरिया या गुरुजींनी व्हरांड्याच्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि बाकी सगळे विसरून त्याकडेच बघत बसायला सांगितले. हल्ली ही गोष्ट सांगताना लोक तिला अध्यात्माचा मुलामा देतात. मला ती एका शिक्षकाची साधी युक्ती वाटते. वर्गात एक पोर चुळबुळ करते आहे, त्याला एका जागी बसवायचे आहे आणि हाताशी फक्त भिंत आहे. अशा वेळी आपण काय केले असते, हे करून पाहावे एवढाच माझा बेत होता.

आठवीच्या पटावर ४१ मुले होती आणि हजर १७. जुलैचा शेवटचा आठवडा म्हणजे रोवणीचा हंगाम. मुली आईबरोबर धानाच्या बांधीत उतरतात, मुले पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या वाहतात. अशा दिवसांत गणिताचे सर नवा धडा घेत नाहीत, त्यामुळे त्यांनी माझा तास उसना मागितला नाही, उलट आपलाही देऊन टाकला. सलग दोन तास चित्रकलेला मिळण्याची ती माझ्या नोकरीतली पहिली वेळ असावी.

काळा रंग शाळेत नव्हता. पोस्टर कलरच्या बाटल्या वाळून दगड झाल्या होत्या. पोषण आहाराची खिचडी शिजते त्या गंजाचे, म्हणजे मोठ्या पातेल्याचे, बूड मात्र चुलीच्या धुराने असे काळे झालेले असते की बोट लावले तर बोटाच्या रेषाही बुजतात. स्वयंपाकाच्या मावशींची परवानगी काढून दोन मुलांनी चमच्याने ती काजळी खरवडली आणि कागदावर आणली. ती पाण्यात मिसळेना, वर तरंगू लागली. मग मी आधी थोड्या फेव्हिकॉलमध्ये घोटून पाणी नंतर घातले, तेव्हा दाट, मऊ, जराही चकाकी नसलेला काळा तयार झाला. व्हरांड्याच्या भिंतीला मे महिन्यातच चुना मारलेला होता. खिळा, सुतळी आणि खडू घेऊन वीतभर रुंदीचा गोल आखला आणि मुलांनी आळीपाळीने तो भरला. गंज घासायला निघालेल्या मावशी तिथे थबकल्या आणि म्हणाल्या, “शाळेले तीट लावली का जी, गुरुजी?”

मी मुलांना समोर बसवले आणि सांगितले की मी थांबा म्हणेपर्यंत नजर हलवायची नाही. पहिल्या काही क्षणांत खुसखुस झाली, एकाने दुसऱ्याला कोपर मारले, मग हळूहळू सगळे शांत झाले. पागोळ्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. मिनिटभराने मी म्हटले, आता बाजूच्या कोऱ्या भिंतीकडे बघा. “सर, भितीवर चांदो दिसून रायला जी!” एक मुलगी ओरडली आणि पाठोपाठ सगळ्यांनाच तो दिसला, चुन्याहून पांढरा, नजरेबरोबर सरकणारा गोल. काळ्याकडे बघणारा डोळ्यातला भाग विसावतो आणि पांढऱ्याकडे बघणारा थकतो, म्हणून असे होते, हे मी सांगितले; पण ते कोणी ऐकत नव्हते. प्रत्येकाला आपला चंद्र दुसऱ्याच्या खांद्यावर, छताच्या वाशावर, मावशींच्या पदरावर नेऊन ठेवायचा होता. त्या मिनिटाला ककैयाच्या शाळेत नेमके काय झाले असेल, याचा थोडासा अंदाज मला आला असे वाटते.

दुसऱ्या तासाला मी शनिवारी नेट कॅफेतून छापून आणलेली चार चित्रे काढली. मुंबईच्या रस्त्याचे एक जलरंगातले, एक फ्रान्समधल्या खेड्याचे आणि दोन पुढच्या काळातली. मला मुलांना एकच गोष्ट दाखवायची होती की झरिया गुरुजींचा ठिपका आणि रझांचा बिंदू यांच्यामध्ये जवळपास पन्नास वर्षे आहेत आणि ती वर्षे गोष्ट सांगणारे लोक गाळून टाकतात. ठिपका बघून मुलगा घरी गेला आणि बिंदू काढू लागला, असे झालेले नाही. तो आधी डोळ्यांना दिसते ते काढत होता. १९४८ साली काश्मीरमध्ये छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ भेटले आणि त्यांनी तोंडावर सांगितले की तुमच्या चित्रांत रंग आहेत, पण बांधणी नाही. फ्रेंच चित्रकार सेझानची चित्रे अभ्यासा. रझांनी ते मनावर घेतले. १९५० साली फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती घेऊन ते पॅरिसला गेले, १९५६ साली तिथल्या समीक्षकांचा पुरस्कार मिळवणारे पहिले परदेशी चित्रकार ठरले, १९५९ साली चित्रकार जानीन मोंजिला यांच्याशी त्यांचा विवाह झाला. घरे, चर्च, झाडे असे जाडजूड तैलरंगात रंगवता रंगवता घराचे घरपण वितळले आणि रंग उरले. नाव झाले, पैसा आला, आणि आपल्या चित्रात आपले काही नाही ही टोचणीही लागली. सत्तरच्या दशकात भारतात पुन्हा पुन्हा येऊन अजिंठा-वेरूळ, राजस्थान, गुजरात पाहिल्यावर कॅनव्हासवर तो काळा गोल आला आणि मग गेला नाही. चित्रांत देवनागरी अक्षरेही आली. १९८१ सालच्या एका चित्राचे नावच ‘माँ’ आहे. साठ वर्षे फ्रान्समध्ये राहून त्यांनी भारताचे नागरिकत्व सोडले नाही आणि पत्नीच्या निधनानंतर काही वर्षांनी, २०१० च्या अखेरीस ते दिल्लीला कायमचे परतले.

हे सगळे आठवीच्या मुलांना पोहोचले असा माझा दावा नाही. पोहोचले ते वेगळेच. चौथे चित्र ‘सौराष्ट्र’ होते, १९८३ चे. मूळ चित्र दोन मीटर बाय दोन मीटर आहे, माझ्या हातात पाटीएवढा कागद. तांबडे, शेंदरी, मातकट चौकोन आणि मधूनमधून काळे. हे काय आहे ते मला विचारू नका, तुम्हीच सांगा, असे मी म्हटले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागे बसणारा, एरवी हजेरीपुरतेच तोंड उघडणारा एक मुलगा म्हणाला, “मोहा येचाच्या आधी पाला जाळतेत, तसा दिसते जी. रातच्याला.” मोहफुले वेचायची तर झाडाखालचा वाळला पाला आधी जाळतात. मार्च-एप्रिलच्या रात्री टेकडीवर त्या आगीच्या तांबड्या ओळी आमच्या गावातून दिसतात. रझांनी आपल्या बालपणीच्या जंगलातल्या रात्रींची भीती पुढे अनेक मुलाखतींत सांगितली आहे. चित्र गुजरातवरून नाव घेतलेले आहे, हे त्या मुलाला सांगण्याची मला गरज वाटली नाही.

नंतर मी चूक केली. हे चित्र २०१० साली १६ कोटी ४२ लाख रुपयांना विकले गेले, असे बोलून बसलो. त्यानंतर चित्राकडे कोणी पाहिले नाही. २०१६ साली साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला १४७० रुपये होता. एका मुलाने फळ्यावर भागाकार मांडला आणि सुमारे १ लाख ११ हजार ७०० क्विंटल असे उत्तर काढले. एवढा धान गावात मावेल का, यावर वाद सुरू झाला. गणिताचे सर दारातून डोकावले आणि समाधानाने परत गेले.

त्याच दुपारी शाळा बघायला एक अधिकारी आले. तो ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या सरकारी कार्यक्रमाचा काळ होता. वर्गाच्या फरशा मुळाक्षरांनी, अंकांनी आणि त्रिकोण-चौकोनांनी रंगवलेल्या होत्या आणि त्याबद्दल शाळेचे कौतुकही झाले होते. व्हरांड्यात ते थांबले. हे काय आहे आणि ते कोणत्या उपक्रमात बसते, असे त्यांनी विचारले. मी रझांचे नाव घेतले, परवाच वारले म्हणून सांगितले. ते सभ्य गृहस्थ होते. “वाईट झाले,” ते म्हणाले, “पण मग त्यांचा फोटो लावायला हवा होता, भिंत कशाला काळी केली?” खाली नाव आणि जन्मतारीख लिहिली तर चालेल, अशी तडजोडही त्यांनी सुचवली. मुख्याध्यापकांना तीही नको होती. स्वातंत्र्यदिनाआधी भिंत पूर्ववत करा, एवढे सांगून त्यांनी विषय संपवला आणि त्यांच्या जागी मीही कदाचित तेच केले असते.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात शिपाईभाऊंनी चुन्याचा हात मारला. वाळल्यावर राखाडी गोल वर आला. दुसरा हात मारला, तरी काजळीचा डाग फुटलाच. तिसऱ्या हातानंतर तो दिसेनासा झाला आणि ध्वजवंदन पांढऱ्या भिंतीसमोर पार पडले.

पुढच्या वर्षी जुलैत सलग चार दिवस झड लागली. व्हरांड्याच्या भिंतीला ओल चढली आणि पाचव्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या वेळी तो गोल भिंतीत पुन्हा उभा होता, कडा पुसट, मधोमध गडद. ओला चुना आरपार दिसू लागतो, त्यामुळे खालचे वर येते. दिवाळीपर्यंत भिंत वाळली की तो जातो आणि पुढच्या झडीला परत येतो. आता नव्या पोरांना त्याचे काही वाटत नाही. मावशी तेवढ्या दर वर्षी एकदा गंज हातात घेऊन त्या भिंतीपाशी थांबतात आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, “निंगाली जी तीट.”