फ्लॅट कलर आणि लेट नाइट

मी इलस्ट्रेशनची कामं करते, फ्रीलान्स. म्हणजे ऑफिस नाही, बॉस नाही, आणि मधेच खुर्ची ओढून "काय चाललंय" विचारणारं शेजारचं टेबलही नाही. क्लायंटचे फोन सोडले तर दिवसभर माणसाचा आवाज कानावर पडत नाही, आणि फोनवरचा आवाज ऐकून दिवस चांगला जातो असंही काही नाही. त्यामुळे काम करताना मागे काहीतरी चालू लागतं. गाणी लावून बघितली, पण गाण्याच्या मूडप्रमाणे माझे रंग बदलायला लागतात. बातम्या लावल्या तर डोकं उठतं. शेवटी टिकली ती कॉमेडी, आणि त्यातही अमेरिकन लेट नाइट टॉक शो, जुने-नवे, जे सापडेल ते.

यातही माझे नियम आहेत बरं का. थंबनेल, कॉम्पोझिशन, रफ, म्हणजे जिथे खरंच विचार करायचा असतो तिथे कोणी बोललेलं अजिबात खपत नाही. इंकिंगला, म्हणजे पक्क्या रेषा ओढताना, सिटकॉम चालते पण पाहिलेलीच हवी, नवीन लावली की आपण त्या घरात कोण कोणाचा कोण हेच शोधत बसतो. आणि फ्लॅट कलर म्हणजे शेडिंगशिवाय सपाट रंग भरणं, लेयरना नावं देणं, क्लायंटने सतरा वेळा सांगितलेला निळा अजून "थोडासा" निळा करणं, या सगळ्या हमालीला टॉक शो. कारण टॉक शो म्हणजे मुळात चित्र असलेला रेडिओच. सूट घातलेला एक माणूस, एक डेस्क, बाजूला सोफा, कोपऱ्यात बँड. मान खाली घालून ऐकलं तरी सगळं कळतं. याच्या उलट मिस्टर बीन. मला प्रचंड आवडतो पण कामाच्या वेळी चुकूनही लावू नये, तो बोलतच नाही, मागे नुसतं प्रेक्षकांचं हसू ऐकू येत राहतं, मग काय झालं म्हणून मान वर केली की रेष गेलीच भलतीकडे.

हे शो मला का आवडतात याचा विचार केला तर जोक हे कारण दुसऱ्या नंबरवर येतं. पहिलं कारण म्हणजे फसलेला जोक. जॉनी कार्सन बघा, ऑक्टोबर १९६२ ते मे १९९२, जवळजवळ तीस वर्षं द टुनाइट शो त्याच्या नावावर. त्याचा मोनोलॉग, म्हणजे सुरुवातीला उभं राहून एकट्याने सांगितलेले जोक, चांगला चाललेला असतो तेव्हा मजा येतेच, पण एखादा जोक धाडकन पडला, स्टुडिओत शांतता पसरली, की तो नुसता उभा राहतो, प्रेक्षकांकडे बघतो, टाय चाचपतो, आणि त्या पडलेल्या जोकवर जो हशा येतो तो मूळ जोक चालला असता तरी आला नसता. पडलेलं झाकायचं नाही, उलट सगळ्यांना दाखवायचं. आमच्याकडे हे होत नाही. आमचं फसलेलं रफ फोल्डरमध्ये पुरलं जातं आणि क्लायंटला फक्त तीन "ऑप्शन" दिसतात. आणि हो, कार्सनच्या डेस्कवरच्या पेन्सिली. बोलता बोलता त्या वाजवायची, फिरवायची त्याला सवय, आणि त्यांना दोन्ही टोकांना खोडरबर! टोक नाहीच. माझ्या लाइनमधल्या माणसाने हे पाहिलं तर त्याला आधी हसू येईल आणि मग तशी एखादी पेन्सिल हवीशी वाटेल, विशेषतः करेक्शनच्या तिसऱ्या राउंडनंतर.

कार्सनच्या आधी तिथे जॅक पार होता. फेब्रुवारी १९६० मध्ये त्याचा एक जोक एनबीसी चॅनेलने त्याला न विचारता कापला. जोकही काय, तर एका इंग्लिश बाईला डब्ल्यू.सी. म्हणजे संडास हवा असतो आणि समोरच्याला ते छोटं चर्च वाटतं, एवढाच घोळ, आज शाळेच्या गॅदरिंगमध्येही कोणी अडवणार नाही. पार दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात आला, आपण नोकरी सोडतोय म्हणाला आणि शो चालू असताना निघून गेला, उरलेला शो त्याच्या साथीदाराने ओढून नेला. मार्चमध्ये समजूत निघाली, पार परत आला आणि पहिलं वाक्य काय, तर मध्ये व्यत्यय आला त्याआधी मी म्हणत होतो की... माझं चित्र परस्पर क्रॉप करून, वर माझ्याच आकाशावर फोन नंबर छापून आलेला मी पाहिलाय (कोणी केलं ते राहू दे). त्या रात्री पारची गोष्ट ऐकताना जे समाधान मिळालं ते पेमेंट वेळेवर आल्यावरही मिळत नाही. अर्थात उठून जाणं त्याला परवडलं, मला पुढच्या महिन्यात त्याच लोकांचं अजून एक काम होतं.

डेव्हिड लेटरमन हा वेगळाच प्राणी. १९८२ मध्ये एनबीसीवर कार्सनच्या नंतरच्या वेळेत त्याचा लेट नाइट सुरू झाला, शो कार्सनच्याच कंपनीचा, आणि अट अशी की टुनाइट शोची नक्कल होता कामा नये. मोठा ऑर्केस्ट्रा नाही, सोफ्यावर हो ला हो म्हणणारा साथीदार नाही, मोनोलॉगही आखडता. आता एवढं काढून घेतल्यावर उरतं काय? तर त्याने छोटा रॉक बँड घेतला, रस्त्यावर कॅमेरे नेले, १९८४ मध्ये अंगभर वेल्क्रोचा सूट घालून भिंतीवर उडी मारली आणि तिथेच चिकटला. मला ही क्लिप कितीही वेळा चालते. कोणी मला दोनच रंग वापर म्हणून सांगितलं की मी आधी कुरकुर करते आणि मग हमखास चारही रंग मिळाले असते त्यापेक्षा बरं काहीतरी निघतं, तसंच हे. आणि तो निळी कार्डं पाठीमागच्या खोट्या खिडकीकडे भिरकवायचा, मग काच फुटल्याचा आवाज यायचा, प्रत्येक वेळी, वर्षानुवर्षं. खिडकीला काच नाही हे सगळ्यांना माहीत. तरी हसू यायचंच.

सॅटरडे नाइट लाइव्ह हा टॉक शो नाही, स्केचेसचा म्हणजे छोट्या विनोदी नाटुकल्यांचा शो आहे, पण तो सोडून चालणार नाही, कारण त्यात आमच्या धंद्याचे लोक लपलेत. १९७५ मध्ये शो सुरू झाला तेव्हा एडी बास्किन नावाची फोटोग्राफर फोटो काढून ते हाताने रंगवायची, टायटल्समधली रात्रीची न्यूयॉर्क आणि त्या त्या आठवड्याच्या पाहुण्याचे फोटो. जाहिरातीच्या आधी-नंतर काही सेकंद दिसणारी चित्रं, तेवढ्यासाठी एवढं! आणि क्यू कार्डं, म्हणजे नटांना वाचायला समोर धरलेले संवादांचे कागद, तर आजही हाताने लिहितात, मोठ्या अक्षरात, मार्करने, प्रत्येक पात्राचा रंग वेगळा, शेवटच्या क्षणी ओळ बदलली तर पांढरी पट्टी चिकटवून वर नवीन ओळ. ओळी स्क्रीनवर दाखवणारा टेलिप्रॉम्प्टर असताना कागद, कारण कागद बंद पडत नाही आणि पटकन बदलता येतो. बुधवारी सगळे बसून स्केचेस वाचतात, शनिवारी रात्री साडेअकराला शो लाइव्ह. निर्माता लॉर्न मायकेल्सचं एक म्हणणं प्रसिद्ध आहे की शो तयार झाला म्हणून सुरू होत नाही, साडेअकरा वाजले म्हणून सुरू होतो. डेडलाइनवर आजवर जेवढी प्रवचनं ऐकली त्यात हे एकच पटलं.

चित्रकारांची कॉमेडी म्हटली तर मॉन्टी पायथन, हाही स्केचेसचाच शो, पण ब्रिटिश. १९६९ मध्ये बीबीसीवर आलं. टेरी गिलियमने जुनी छापील चित्रं कापून, हलवून अ‍ॅनिमेशन केली आणि त्यामुळे स्केचला शेवट असायलाच पाहिजे ही कटकटच गेली, स्केच कंटाळवाणं झालं की वरून एक भला मोठा पाय येतो आणि सगळं चिरडतो. तो पाय कुठला, तर ब्रॉन्झिनोच्या सोळाव्या शतकातल्या पेंटिंगमधल्या क्युपिडचा, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, डाव्या कोपऱ्यात खाली बघा. इतकं गंभीर, महागडं चित्र आणि त्यातून ह्या माणसाने उचलला फक्त पाय. हे बघून मला जेवढं शिकायला मिळालं तेवढं कॉलेजच्या आर्ट हिस्ट्रीत मिळालं नाही, तिथे मी बहुतेक वेळ सरांचं स्केच काढत असायचे.

आता हे सगळं आवरत चाललंय म्हणतात. सीबीएस चॅनेलने जुलै २०२५ मध्ये जाहीर केलं की स्टीफन कोलबेअरचा लेट शो मे २०२६ मध्ये बंद, म्हणजे नवीन होस्ट नाही, शोच बंद. कारण पैशाचं दिलं, लोकांनी त्यात राजकारण पाहिलं. लोक सकाळी क्लिप बघतात, पूर्ण तास कोण बघतो हा मुद्दा मात्र खोटा नाही. पण क्लिपमध्ये नेमकं तेच कापलेलं असतं जे मला हवं असतं, ती फसलेली मिनिटं, पाहुणा एका शब्दात उत्तरं देतोय आणि होस्टला घाम फुटलाय ती मिनिटं. २००८ च्या सुरुवातीला लेखकांचा संप चालू होता तेव्हा लेट नाइटचाच आणखी एक होस्ट कोनन ओब्रायन लेखकांशिवाय शोवर आला, दाढी वाढलेली, हातात मजकूर नाही, मग बसला डेस्कवर लग्नाची अंगठी भोवऱ्यासारखी फिरवत आणि ती किती वेळ फिरते ते मोजत. यात कापण्यासारखं काय आणि ठेवण्यासारखं काय? सगळं ठेवायचं.

सध्या माझ्याकडे लहान मुलांच्या पुस्तकाचं काम आहे, पानोपानी जंगल, लेखकाला प्रत्येक झाड वेगळं हवंय. त्यासाठी क्रेग फर्ग्युसन लावलाय. २००५ ते २०१४ लेट लेट शो नावाचा टॉक शो त्याच्याकडे होता, बँड नव्हता, म्हणून २०१० पासून साथीदार कोण, तर मिथबस्टर्स या टीव्ही शोवाल्या ग्रँट इमाहाराने बनवलेला सांगाड्याचा रोबो. पाहुणा येऊन बसला की फर्ग्युसन हातातली प्रश्नांची कार्डं टराटरा फाडतो आणि मग जे सुचेल ते बोलत सुटतो. एपिसोड भरपूर आहेत. झाडंही.