वामांच्या गावात एक शनिवार

लंडनहून ट्रेनने जाऊन संध्याकाळी परत येता येईल असं काहीतरी बघायचं, एवढंच ठरलं होतं. केंब्रिज तिघांचं बघून झालेलं, म्हणून तिथे न उतरता पुढे 15 मिनिटांवरच्या ईलीला गेलो. ईल माशावरून हे नाव पडलं म्हटल्यावर आमच्यातला मालवणी एकदम खूश, "म्हणजे वामांचं गाव की रे!" पूर्वी हे दलदलीतलं बेट होतं, सतराव्या शतकात कालवे खणून आजूबाजूचं पाणी काढलं, आता सगळी सपाट काळी शेतं, त्यामुळे तिथलं कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मोठं चर्च, ट्रेनमधूनच दिसायला लागतं. लोक त्याला दलदलीतलं जहाज म्हणतात, ते उगाच नाही.

दारातून आत शिरल्या शिरल्या फरशीत एक चक्रव्यूह आहे, त्याची वाट डोक्यावरच्या मनोऱ्याच्या उंचीइतकीच लांब, 66 मीटर. मी हौसेने चालायला लागले, निम्म्यात कंटाळले आणि सरळ रेघा ओलांडून बाहेर आले. (कोणी बघितलं नाही.)

पण खरी मजा मधोमध. 1322 मध्ये इथला मधला दगडी मनोरा कोसळला. शेजारी लेडी चॅपेलचा, म्हणजे मेरीमातेच्या प्रार्थनाघराचा, पाया खणायला नुकतीच सुरुवात झाली होती, त्यानेच जमीन ढिली झाली असं मानतात. म्हणजे शेजारच्या बांधकामाने आपल्या भिंतीला तडा, आपल्याकडच्या सोसायटीतलं नेहमीचं भांडण! पण मठाचा कारभार बघणाऱ्या ॲलन ऑफ वॉल्सिंगहॅमने पुन्हा तसाच मनोरा न उभारता आठ कोनांची मोकळी जागा केली आणि वर लाकडी 'कंदील' बसवला, म्हणजे खिडक्यांतून उजेड खाली सोडणारा मनोरा. खालून बघितलं की सगळं दगडीच वाटतं. आमचा सिव्हिलवाला मान वर करून दहा मिनिटं नुसता "वजन खाली कसं उतरवलंय, वजन कसं उतरवलंय" करत होता.

मग 170 पायऱ्या चढून वर गेलो. तिथे कळतं की हे लाकूड आहे, 60 फुटांहून लांब ओकचे आठ खांब, तुळयांना हात लावून बघता येतो, अगदी वाड्याच्या माळ्यावर आल्यासारखं. गाईडने देवदूतांची चित्रं असलेली एक फळी दारासारखी उघडली आणि मी खाली बघितलं, माणसं मुंग्यांएवढी, पोटात गोळाच आला.

आणि जिच्या पायापायी हे सगळं झालं ती लेडी चॅपेल? भिंतीभर बारीक कोरीव मूर्ती, आणि जवळ जाऊन बघावं तर डोकीच नाहीत. रिफॉर्मेशनच्या काळात, म्हणजे सोळाव्या शतकात इंग्लंडचं चर्च रोमपासून फुटलं तेव्हा, एकेक करून फोडली. छिन्नीचे घाव इतके ताजे दिसतात की मला बोट लावायचं धाडस झालं नाही. रंगीत काचा पण गेल्या, त्यामुळे आता आत पांढराशुभ्र उजेड असतो. तोवर अखंड बडबडणारे आम्ही चौघं तिथे गप्प होतो.

बाहेर हिरवळीवर बसून पोळीचे रोल संपवले, सतराव्या शतकात राजाविरुद्ध लढलेला क्रॉमवेल राहायचा ते घर बाहेरूनच बघितलं (पाय गेले होते), नदीकाठी चहा-स्कोन. मालवणी मात्र प्रत्येक मेन्यूकार्ड वाचत फिरत होता. वाम कुठेच नाही. परतीच्या ट्रेनमध्ये तो केंब्रिजपर्यंत घुश्शात.