ही तार तांब्याचीच कशावरून?

समारंभाच्या स्मरणिकेसाठी लिहा असं पत्र आलं आणि आधी आठवल्या त्या भौतिकशास्त्राच्या बाई. बाकीच्या गुरुजनांवर इतर जण लिहितीलच, मी बाईंवरच लिहिणार.

स्क्रूगेजची, म्हणजे तारेची जाडी मोजायच्या यंत्राची, शून्य त्रुटी (काहीच न धरता दिसणारा आकडा) वजा केल्याशिवाय बाई वही तपासत नसत. एकदा एका गटाने तारेचं वजन आणि लांबी घेतली, तांब्याची घनता पुस्तकातून उचलली आणि जाडी गणिताने काढली. उत्तर जवळपास बरोबर होतं. बाईंनी तार खिडकीपाशी नेऊन पाहिली आणि विचारलं, "ही शुद्ध तांब्याचीच कशावरून?"

कर्करोगाच्या प्रोटॉन उपचाराचं, म्हणजे गाठीवर अणूतले धनभारित कण सोडण्याचं, नियोजन करताना नेमका हाच प्रश्न येतो: वाटेतला पदार्थ आपण धरला तोच कशावरून? प्रोटॉन ठरावीक खोलीवर थांबतो आणि थांबतानाच सर्वाधिक ऊर्जा टाकतो. पण ती खोली आपण काढतो क्ष-किरणांच्या सीटीवरून. तिथल्या हाउन्सफील्ड आकड्यावरून (तो भाग क्ष-किरण किती अडवतो ते सांगणारा आकडा) ऊतीची प्रोटॉन रोखण्याची क्षमता तक्त्याने ठरवतात, आणि दोन वेगळ्या ऊतींचा आकडा एकच येऊ शकतो. दातात धातूचं फिलिंग असेल तर चित्रावर पट्टेच उमटतात. म्हणून खोलीत साधारण साडेतीन टक्के चूक धरून चालतात. 20 सेंटिमीटर खोलीवर ती 7 मिलिमीटर होते. मेंदूच्या बुंध्याजवळ हे अंतर फार मोठं आहे.

यावर उपाय म्हणजे चित्रही प्रोटॉननेच काढायचं. अ‍ॅलन कॉरमॅक या भौतिकशास्त्रज्ञाने हे 1963 मध्येच सुचवलं होतं. आरपार जाईल इतक्या ऊर्जेचा प्रोटॉन सोडायचा, शिरताना आणि बाहेर पडताना सिलिकॉनच्या पट्ट्यांवर (कण टिपणाऱ्या डिटेक्टरवर) त्याची जागा व दिशा टिपायची आणि पलीकडे उरलेली ऊर्जा मोजायची. खरी अडचण वाटेची आहे. अणुकेंद्रांजवळून जाताना प्रोटॉन किंचित किंचित वळतो. सरळ रेषा धरली तर चित्र धूसर होतं, म्हणून प्रत्येकाची सर्वांत संभाव्य वक्र वाट काढावी लागते. अणुकेंद्रावर आदळलेले प्रोटॉन गाळावे लागतात, नाहीतर ऊर्जेचा हिशेब बिघडतो. शिवाय 230 एमईव्ही (कणांच्या ऊर्जेचं एकक) ऊर्जेचा प्रोटॉन पाण्यात 33 सेंटिमीटरच्या आसपास थांबतो. डोक्याला तेवढं पुरतं, पण जाड माणसाच्या कमरेतून आडवं जायला पुरत नाही.

पुण्याचे रुग्ण आता खारघरच्या टाटाच्या प्रोटॉन केंद्रात जाऊ शकतात. बाईंच्या हाताखालून गेलेलं कोणी डिटेक्टरच्या कामात असेल, तर समारंभाला जरूर भेटावं. या कामाला माणसं हवी आहेत.