दगड परत पालथा का घालायचा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दरवर्षी कोल्हापूरहून पोरांना घेऊन आम्ही आंबा घाट उतरतो, ओहोटीची वेळ साधून रत्नागिरीचा खडकाळ किनारा गाठतो. खाली कोण राहतं ते बघायला पहिला दगड उलटला की कुणीतरी विचारतंच, "मॅडम, बघून झालं की. परत पालथा कशाला घालायचा? लाटेनं हलतोयच की तो!"

तेव्हा मी अ‍ॅस्टेरिना गिब्बोसाबद्दल सांगते. हा तारामासा कोकणातला नव्हे. ब्रिटनपासून भूमध्य समुद्रापर्यंतच्या खडकांतला. पूर्ण वाढला तरी पाचेक सेंटिमीटर, हात आखूड, अंग गिरदीसारखं फुगीर.

बहुतेक तारामासे लाखो अंडी पाण्यात सोडून मोकळे होतात. पिल्लं कित्येक आठवडे प्रवाहाबरोबर वाहतात, वाचतील ती कुठल्यातरी खडकाला लागतात. गिब्बोसाची मादी मात्र दगडाच्या पोटाला हजारभर अंडी चिकटवते. नारिंगी, अर्ध्या मिलिमीटरची, खसखशीहून बारीक. त्यातून निघालेली अळी वाहत जात नाही, काही खातही नाही. तिला तोंडच नसतं. बलकाच्या शिदोरीवर ती दगडाला धरून राहते आणि दोनेक आठवड्यांत तिथेच तिचा इवलासा तारामासा होतो. मादी म्हटलं खरं, पण तीही आधी नर असते. दुसऱ्या वर्षाच्या सुमारास नर, चौथ्याच्या सुमारास मादी, आणि आयुष्य सातेक वर्षांचं. म्हणजे अंडी घालायला हंगाम मिळतात तीन-चार. त्यातल्या एका हंगामात अंड्यांचा दगड कुणी उन्हात उताणा टाकला, तर एका विणीची सगळी पिल्लं एकदम सुकतात.

आपल्या दगडांखाली गिब्बोसा नाही, पण गोगलगायींच्या अंड्यांच्या पिशव्या असतात, दगडाला चिकटून वाढणारे स्पंज नावाचे प्राणी असतात, नखाएवढे खेकडे असतात. त्यांनाही सावली आणि ओल लागतेच. पहिल्या वर्षी मला हे सुचलं नव्हतं. निघताना मागे वळून पाहिलं, तर आम्ही चाललो त्या वाटेवर दगडांची ओली पोटं उन्हात वर झालेली. परत जाऊन जमतील तेवढे पालथे घातले; सगळे सापडले नाहीत.

आणि लाटेचं म्हणाल, तर दगडाच्या पोटाला स्पंज वाढलाय याचाच अर्थ तो बऱ्याच दिवसांत उलटलेला नाही. म्हणून दोन्ही हातांनी, सावकाश, होता त्याच खळग्यात ठेवायचा. धाडकन सोडायचा नाही. खाली खेकडा असतो.