बाबांचं पिस्तूल नावावर करताना : माझा अनुभव

आधीच सांगतो, पिस्तूल मी घेतलेलं नाही, माझ्या जन्माच्या आधीपासून ते घरात आहे. आमचं गाव वैनगंगेच्या काठाला, धानाचा पट्टा, आणि आबाजी म्हणजे माझे आजोबा मालगुजार होते. मालगुजारी १९५१ ला गेली, जमीन सिलिंगमध्ये गेली, राहिलं काय तर पडका वाडा, एक १२ बोअरची दुनाळी आणि हे पिस्तूल. आबाजींनी ते १९४६ मध्ये कलकत्त्याहून आणलं असं आई सांगते, तिकडे बर्मा फ्रंटसाठी आलेल्या अमेरिकन फौजेचा पडाव होता, लढाई संपल्यावर बराच माल तिथेच राहिला. बिल वगैरे काही नाही, असणार तरी कसं.

बाबा २०२३ च्या दिवाळीनंतर गेले. तेरवी झाली की दुसऱ्याच दिवशी मी दोन्ही हत्यारं आणि डब्यात होत्या त्या पाच गोळ्या घेऊन ठाण्यात गेलो, कारण लायसनधारक गेला की हत्यार घरात ठेवायचा आपल्याला हक्क नाही, ठाण्यात नाहीतर लायसनवाल्या डीलरकडे जमा करावंच लागते. काही लोक महिनोन्‌महिने तसंच कपाटात ठेवतात आणि मग अडकतात. पावती घ्या, आणि पावतीवर नंबर स्वतः वाचून लिहून घ्या.

तर तिथूनच गंमत सुरू झाली. आमच्या घरात त्याला सगळे कोल्ट म्हणायचे, आबाजी कोल्ट म्हणत म्हणून बाबा कोल्ट म्हणत, लायसनच्या वहीत पण मेक कोल्ट. जमादारांनी चष्मा लावून स्लाइडवरची, म्हणजे वरच्या सरकत्या भागावरची, अक्षरं वाचली तर रेमिंग्टन रँड, सिरॅक्यूज. मी म्हटलं रेमिंग्टन तर टाइपरायटर न जी? ते म्हणाले, "तहसीलीत होते तसेच टाइपरायटर. पिस्टल कवापासून बनवू लागले हे लोक?" मग त्यांनी उजवी बाजू फिरवली, तिथे युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी असं कोरलेलं, ते वाचून तर त्यांनी ठाणेदार साहेबांनाच हाक मारली. "साहेब, हे तं अमेरिका सरकारची मालमत्ता आये म्हनते!" सगळं ठाणं हसलं, मी पण हसलो, पण पोटात गोळा आला होता.

घरी येऊन वाचलं तेव्हा उलगडा झाला. डिझाइन जॉन ब्राउनिंगचं, सुरुवातीला बनवलं कोल्टनं, अमेरिकन सैन्यानं १९११ मध्ये घेतलं म्हणून त्याचं नावच १९११, नंतर थोडे बदल होऊन ए१ आलं. दुसऱ्या महायुद्धात एवढी मागणी झाली की टाइपरायटरवाल्या रेमिंग्टन रँडला, रेल्वेचे सिग्नल बनवणाऱ्या कंपनीला, शिलाई मशीनवाल्या सिंगरला पण ऑर्डर गेल्या. सिंगरनं फक्त ५०० बनवले. रेमिंग्टननं मात्र सगळ्यात जास्त, त्यातलंच एक आमच्या देवघरामागच्या लोखंडी आलमारीत ऐंशीच्या आसपास वर्षं पडून होतं. अमेरिकन फौजेनं ते थेट १९८५ पर्यंत वापरलं.

पण मेकचं काहीच नाही, खरी पंचाईत बोअरची, म्हणजे नळीच्या मापाची झाली. पिस्तूल आहे .४५ चं. बाबांची वही १९८३ ची, त्यात कोण्या बाबूनं बोअर लिहिला .४५५. आता .४५ आणि .४५५ मध्ये तुम्हाआम्हाला एका पाचाचा फरक, पण कायद्यात आभाळ-जमिनीचा. .४५५ ची रिमवाली, म्हणजे बुडाचा काठ बाहेर आलेली, गोळी ज्यात चालते ते हत्यार प्रतिबंधित बोअरमध्ये येते, त्याचं लायसन कलेक्टर देऊच शकत नाही, दिल्लीला गृह मंत्रालयात जावं लागते. इंग्रज साहेबांची वेब्ली रिव्हॉल्वर .४५५ ची असायची, बाबूच्या हाताला तीच सवय असणार, त्यानं पाच वाढवला आणि चाळीस वर्षं दर रिन्यूअलला तोच आकडा खाली उतरत गेला, ऑनलाइन नोंद झाली तेव्हाही. बाबांनी कधी पाहिलं नाही, मी तर वही उघडलीच नव्हती.

आणि बघायला जावं तर पिस्तुलावर बोअर लिहिलेलाच नाही! फौजी मालावर कंपनी, मॉडेल आणि नंबर, बस. दुनाळीवर १२ चा शिक्का आहे म्हणून तिचं काम सरळ झालं. इथे लोखंड गप्प आणि कागद खोटं बोलते.

अर्ज फॉर्म ए-१ वर, ऑनलाइन. आईचं आणि दोन्ही बहिणींचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र, मृत्यू दाखला, वारस दाखला, मेडिकल, हत्यार हाताळायचं ट्रेनिंग घेतल्याचं सर्टिफिकेट, हे सगळं महिनाभरात झालं, त्यावर काही सांगण्यासारखं नाही. मोठी बहीण फक्त म्हणाली, "सही करतो, पण ते कशाले पायजे तुले?" तिला काय सांगू. ठाण्याचा रिपोर्ट, एसडीपीओ म्हणजे उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांचा रिपोर्ट, मग एसपी ऑफिस, मग कलेक्टर ऑफिस. तिथल्या बाबूंनी वही पाहिली, .४५५ वर बोट ठेवलं आणि फाइल बाजूला केली. "हे आमच्या हातातलं नाही भाऊ." मी म्हटलं जी नोंद चुकीची आहे. ते म्हणाले सिद्ध करा.

त्यात १६ मार्च २०२४ ला आचारसंहिता लागली, आमच्याकडे पहिल्याच टप्प्यात १९ एप्रिलला मतदान होतं, पण संहिता जूनपर्यंत, तोवर शस्त्र शाखेत कोणी अर्जाला हात लावत नाही. मग रोवणी. जुलैत मी पुन्हा गेलो तर बाबू बदललेले, पहिल्यापासून गोष्ट सांगितली.

उपाय आईच्या पेटीत निघाला. आबाजींची जुनी वही तिनं लग्नातल्या शालूखाली ठेवलेली, पानं पिवळी पडलेली, पण इंग्रजी अक्षरात साफ लिहिलेलं, पिस्टल, .४५ ऑटो, आणि खाली तोच नंबर. ती झेरॉक्स जोडून अर्ज दिला की तज्ज्ञाकडून तपासणी करा. पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारातल्या आर्मोररकडे पिस्तूल गेलं, मी सोबत होतो. त्या माणसाला मी विसरणार नाही. मॅगझिन काढलं, चेंबर पाहिलं, दोन मिनिटांत स्लाइड, स्प्रिंग, नळी सगळं टेबलावर वेगळं. मुठीच्या मागची पट्टी दाबून दाखवली, ही हाताच्या पंज्यानं दबली नाही तर चाप ओढला तरी गोळी सुटत नाही. मग आमच्या पाचातली एक गोळी उभी करून बुडाला नख लावलं, "इथं काठ बाहेर आला आहे का? नाही न? मग हे .४५५ रिमवालं होऊच शकत नाही." चाळीस वर्षांचा घोळ त्या नखानं मिटवला. रिपोर्टमध्ये ११.४३ मिलिमीटर, .४५ ऑटो, असं त्यांनी लिहून दिलं.

तरी ऑक्टोबरमध्ये विधानसभेची आचारसंहिता लागली, म्हणजे परत थांबा. लायसन हातात आलं जानेवारी २०२५ मध्ये, मेक रेमिंग्टन रँड, बोअर .४५. पाच वर्षांचं आहे.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. नियम असा आहे की लायसनधारकाला ७० वर्षं झाली किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे असलं, यातलं जे आधी होईल, तर तो जिवंतपणीच वारसाच्या नावानं करू शकतो. बाबा ७४ चे होते. दोघं जाऊन बसलो असतो तर वहीतली चूक त्यांनीच एका सहीत दुरुस्त करून घेतली असती. तुमच्याकडे आजोबाची, वडलांची बंदूक असेल तर आजच वही उघडून लोखंडावरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळवून पाहा.

ठाण्याच्या मालखान्यातून पिस्तूल परत मिळालं तेव्हा ते पोत्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं होतं, एक अख्खा पावसाळा काढलेला. स्लाइडवर आणि घोड्याखाली तांबेरा. कोणाला दोष देऊ, तिथे मोटारसायकली सडून जातात. मशीन ऑइल आणि जुनी मऊ बनियन घेऊन तीन संध्याकाळी बसलो, वरचा गंज गेला, आत नळी ठीक निघाली, बारीक टिपके राहिलेच. रिकामं असलं तरी किलोच्या वर वजन, मनगट दुखते.

चालवलं का म्हणाल तर नाही. सात गोळ्यांचं मॅगझिन, आणि घरात गोळ्या पाच, त्याही आबाजींच्या काळातल्या, त्या चालवायची हिंमत नाही. नागपूरला डीलरकडे विचारलं, .३२ च्या पाहिजे तेवढ्या, .४५ म्हटलं की मान हलवतात. शेजारी म्हणते, "रानडुकरं बांधीत शिरून रायली न जी, येक बार काढून पाहा ना." त्याला सांगून सांगून थकलो की पिस्तुलानं डुक्कर भेत नाही आणि मारलं तर मीच आत जातो. धानाच्या राखणीला आम्ही दोघं सुतळी बॉम्बच वापरतो.

पुढच्या निवडणुकीत ठाण्यातून फोन येईलच, जमा करा. त्यासाठी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या आणून ठेवल्या आहेत. जमादार हसतील, हसू द्या.